मुक्काम: कोरडी जमीन

‘मुक्काम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ उभे राहण्याची जागा, एवढाच. मराठीत आल्यावर त्याला एक जास्तीची छटा लाभली. घराला आपण मुक्काम म्हणत नाही, आणि चहापुरते थांबलो त्या टपरीलाही म्हणत नाही. जिथे अंथरूण पसरले आणि जिथून ते सकाळी गुंडाळायचे आहे, तो मुक्काम. या शब्दात थांबणे जेवढे आहे तेवढेच निघणेही आहे. पत्ता लिहिताना मात्र आपण गावाच्या नावाआधी हाच शब्द घालतो, जणू सगळे गाव उद्या उठून चालू लागणार आहे!

हे आठवण्याचे कारण करंदीकर पती-पत्नी. मस्कतच्या आमच्या मंडळींत त्यांना अण्णा आणि उषावहिनी म्हणतात. निवृत्तीनंतर ही दोघे एका बसमध्ये राहतात आणि ओमानभर फिरतात. त्यांच्या प्रत्येक फेरीनंतर बसच्या पायपुसण्यात वाळू साचते आणि आमच्या दिवाणखान्यांत किस्से. वाळू वहिनी झटकून टाकतात. किस्से कोणी झटकत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ते फुगत मात्र जातात. म्हणून मला ठाऊक असलेले काही, घडले तसे, मांडून ठेवतो.

*

अण्णा समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणाऱ्या कारखान्यात अभियंता होते. निवृत्त झाले तेव्हा मस्कतच्या दार्सैत भागातले कंपनीचे घर सोडणे आले. इथला रिवाज ठरलेला आहे: निरोपसमारंभ, पुण्याच्या फ्लॅटची किल्ली, विमान. आम्ही समारंभ केला, शाल दिली, डोळे पुसले. सामान बांधायला माणसे आली. त्यांच्या मुकादमाने विचारले, “अंकल, सामान किधर भेजना है? पुना?”

“नीचे,” अण्णा म्हणाले.

“नीचे मतलब?”

“नीचे. पार्किंग में.”

पार्किंगमध्ये एक पांढरी मिनीबस उभी होती. पूर्वी ती कामगारांची ने-आण करी. घला भागातल्या एका गॅरेजात अण्णांनी तिच्यात झोपायचे बाक, ओटा, पाण्याची टाकी आणि वळायलाही जागा नसलेले न्हाणीघर बसवून घेतले होते. दाराशेजारी ठसठशीत देवनागरीत रंगवले होते: ‘बिऱ्हाड’.

मुकादमाने वरच्या मजल्यावरचे लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आणले, बसचे दार पाहिले आणि निकाल दिला, “अंकल, या तो अलमारी जाएगी, या आप!”

ते कपाट आता आमच्याकडे आहे.

*

मेघना ही त्यांची एकुलती मुलगी. मस्कतमध्येच बौशरला तिचा दवाखाना आहे, दातांचा. अण्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत त्या सुमारास नुकतीच जाळी बसवलेली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली. आईवडील तिथेच जेवायला होते.

“बाबा, छातीत जाळी आहे तुमच्या, आणि तुम्ही वाळवंटात निघालात!”

“जाळी आहे म्हणूनच तर. वाळू आत जाणार नाही.”

मेघना हसली नाही. “माझी अट ऐका. रोज सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानच्या आत तुमचा मुक्काम कुठे आहे, ते आपल्या ग्रुपवर यायला हवं. ज्या दिवशी आलं नाही, त्या दिवशी बसची किल्ली माझ्याकडे. बस विकायची आणि बौशरला राहायला यायचं. कायमचं.”

“अजान कशाला? सरळ सहा वाजता म्हण की.”

“घड्याळावर तुम्ही वाद घालता. पुढे आहे, मागे आहे, सेल गेलाय. अजानशी वाद घालता येणार नाही.”

“पण कुठली अजान? आम्ही असू तिथली का तू असशील तिथली?”

“इथली. दार्सैतची. काकांच्या या खिडकीतून ऐकू येते ती.”

अशा रीतीने आमच्या खिडकीला न्यायालयाचा दर्जा मिळाला! अण्णा अपील करण्याच्या बेतात होते. तेवढ्यात ताटे उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, “मान्य.”

त्या सबंध संभाषणात त्यांनी उच्चारलेला हा एकच शब्द. अण्णा त्यांच्याकडे पाहतच राहिले.

*

पहिला निरोप सूरहून आला. तिथे किनाऱ्याला लाकडी होड्या बांधण्याचे कारखाने आहेत. अण्णांना एका कुंपणापलीकडे सुरेख सपाट, उतरती, थेट पाण्याकडे जाणारी जागा दिसली. त्यांनी तिथे बस लावली. वहिनींनी लिहिले, “मुक्काम: सूर. समोर समुद्र, मागे नवी कोरी होडी.”

पोळ्या तव्यावर असताना कोणी तरी दारावर मुठी मारू लागले. बाहेर एक थोराड सुतार, हातात भला मोठा हातोडा, चेहरा लालबुंद. “यल्ला! यल्ला!” म्हणजे चला, निघा, एवढेच समजत होते. अण्णा दार उघडेनात. वहिनींनी गॅस बंद केला आणि खिडकीतून मागे पाहिले. ती नवी कोरी होडी पाचरींवर टेकलेली होती, चार माणसे त्या पाचरी सैल करत होती, आणि तिची समुद्रात उतरण्याची वाट बरोबर ‘बिऱ्हाडा’खालून जात होती!

बस निघाली ती न्हाणीघराचे दार आपटत, तवा जमिनीवर घेऊन. होडी उतरली. मग त्याच सुताराने कहवा आणि खजूर आणून दिले आणि बराच वेळ हसत बसला.

“तरी मी म्हणत होते, इतकी चांगली जागा रिकामी कशी?” वहिनी म्हणाल्या.

“जागेत दोष नव्हता,” अण्णा म्हणाले. “आपली निघायची वेळ चुकली.”

*

आमच्यातले नाईक मूळचे मालवणकडचे. इथे एका बांधकाम कंपनीत क्रेनवर फोरमन आहेत. उंचावर लोखंड चढवणारा हा माणूस. त्यांना भीती अशी कशाचीच नाही, असा आमचा समज होता. एका शुक्रवारी ते करंदीकरांबरोबर डोंगरात गेले.

परतीच्या उतारावर रस्ता कच्चा होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अर्ध्या वाटेवर जळका वास येऊ लागला. ब्रेक तापले होते. अण्णांनी बस पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाले, “आता कोणी माझ्याशी बोलू नका.”

अण्णांशी कोणी बोलले नाही. नाईक देवाशी बोलू लागले. “रे म्हाराजा, ह्यो उतार संपू दे, तुका नारळ देतंय!” वळण आले. “रे रवळनाथा, तुकाय देतंय!” दुसरे वळण आले. ग्रामदेवता झाली, मग शेजारच्या गावाची देवता, मग वाटेवरचा पिंपळ.

त्या उतारावर फोनही लागत नव्हता आणि ऊन शिखरांवर चढत चालले होते. वहिनी मागे बसून एका हाताने डब्यांचे फडताळ दाबून धरत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे पाहत होत्या. पायथ्याशी चाके डांबराला लागली, फोनवर रेघा उमटल्या, आणि आमच्या खिडकीत अजानच्या अगदी तोंडावर निरोप पोचला: “मुक्काम: पायथा.”

बस थांबली. अण्णांनी स्टिअरिंगवरची बोटे एकेक करून सोडवली आणि विचारले, “नाईक, कोकणात अजून नारळ शिल्लक आहेत का?”

*

वहिनींना बसमध्येही वाळवण लागते. वाळूच्या टेकड्यांत मुक्काम होता तेव्हा त्यांनी घडीच्या टेबलावर सांडगी मिरच्या पसरल्या होत्या. दुपारी एक उंट आला आणि भरल्या मिरच्या मीठमसाल्यासकट फस्त करून गेला. पाठोपाठ त्याचा मालक आला, काठी टेकत. रिकामे ताट पाहिले, उंटाच्या डोळ्यांतले पाणी पाहिले, आणि बसच्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसला.

“ये रेस वाला जमल,” तो म्हणाला. शर्यतीचा उंट! “ये अच्छा, तुम रूह. ये मरीज़, तुम इधर.” तो बरा राहिला तर तुम्ही जा, आजारी पडला तर इथेच.

ऊन उतरले. उंट मान हलवत उभा. फोन लागायचा तो समोरच्या उंच टेकडीवरच. अण्णा तिकडे निघाले तर म्हाताराही उठला. पळून जातील म्हणून की काय, त्यांच्यामागोमाग टेकडी चढला. वर दोघेही धापा टाकत उभे राहिले. अण्णांनी वहिनींच्या फोनवरून निरोप धाडला: “मुक्काम: उंट सोडेल तोवर इथेच.”

आम्ही तो दार्सैतला पुन्हा पुन्हा वाचला. कोणाला अर्थ लागेना. मेघना फोनवर म्हणाली, “बाबांना ऊन लागलंय का?”

सकाळी उंट स्वतःच्या पायांनी बसपाशी आला आणि टेबलावर मान टेकून उभा राहिला. त्याला आणखी हव्या होत्या!

*

पुढचा किस्सा कोणी फारसा सांगत नाही. त्यात घडत काहीच नाही.

एकदा अण्णांना ताप भरला आणि दोघे मेघनाकडे बौशरला राहायला आली. अण्णा लवकर सुधारले. वहिनी मात्र रोज दुपारी दिसेनाशा होऊ लागल्या. शेजारी नाहीत, दुकानात नाहीत. एके दिवशी मेघना दवाखान्यातून लवकर परतली आणि तिला आई सापडली. इमारतीच्या पार्किंगमध्ये ‘बिऱ्हाड’ उभे होते. वहिनी आत ओट्याशेजारच्या बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. काचा उघड्या, चेहरा घामाने थबथबलेला.

“आई, वर एसी चालू आहे गं!”

“माहीत आहे.”

“मग इथे काय करतेस?”

“बसलेय.”

“बाबांच्या हौसेपायी तू किती सोसायचंस?”

वहिनी हसल्या. दार्सैतच्या त्यांच्या घराला एकच मोठी खिडकी होती, आणि तिच्यासमोर पलीकडच्या इमारतीचे एसीचे कंप्रेसर. अर्धे आयुष्य त्यांनी त्या खिडकीशी काढले. देऊळ, किराणा, शाळेचे फाटक, पुन्हा खिडकी. अण्णांना रोज समुद्र दिसे, तो त्यांच्या कामाचा भाग होता. वहिनींना तो शुक्रवारी दिसे, तोही पाहुणे आले तर.

“बस कोणी घ्यायला लावली, हे बाबांना विचारलंस का कधी?” त्या म्हणाल्या.

हे मेघनाने आम्हाला सांगितले, आमच्याच घरी. सांगून झाल्यावर ती सुलभेला, म्हणजे माझ्या पत्नीला, म्हणाली, “मावशी, मला वाटत होतं, मी आईला वाचवतेय.” आणि मग लगेच, “पण अट ती अट. बाबांचं हृदय काही त्यामुळे सुधारलेलं नाही.”

*

आता तो किस्सा, जो सगळे सांगतात.

डिसेंबरचे दिवस होते. करंदीकर सूरच्याही दक्षिणेला, वस्ती विरळ होत जाते त्या किनाऱ्यावर होते. तिथे समुद्रालगत पांढरी, आरशासारखी सपाट जमीन पसरलेली असते. तिला सबखा म्हणतात. वर मिठाचा कडक पापुद्रा, खाली चिखल. वहिनी म्हणाल्या, “त्या पिकअपच्या चाकांच्या खुणा दिसताहेत, त्यांच्यावरूनच घ्या.”

अण्णांना कारखान्यातले मिठाचे पटांगण आठवले. त्यावर ट्रक फिरत. “मीठ ओळखतो मी!” ते म्हणाले आणि त्यांनी बस सरळ समुद्राकडे घातली.

पापड मोडावा तसा आवाज झाला. मागची चाके खाली गेली. अण्णांनी जोर केला तशी आणखी गेली. खाली उतरून पाहतात तो काळाकरडा चिखल आसापर्यंत आलेला, फोनवर एकही रेघ नाही, आणि दूरवर असलेली पाण्याची कड आता तेवढी दूर राहिलेली नाही. भरती सुरू झाली होती.

अण्णांनी फावडे उचलले. वहिनींनी ते काढून घेतले. “जाळी आठवतेय ना?”

“आयुष्यभर या मिठाला समुद्रातून बाहेर काढलं,” अण्णा म्हणाले. “आज यानं मला धरलं.”

इकडे दार्सैतला मेघना दवाखाना आटोपून देवळात जाऊन आमच्याकडे आली होती. नाईकही होते. हवा सुखाची होती, खिडकी उघडी होती. निरोप एरवी चहाच्या वेळेला येई. चहा झाला, कप विसळून झाले. मेघनाने दोनदा लिहिले, “आई, कुठे आहात?” तिचे शब्द पलीकडे पोचतच नव्हते. फोन लावला की एक बाई अरबीत आणि मग इंग्रजीत क्षमा मागे.

“डोंगरातसुद्धा पोचला होता,” सुलभा म्हणाली.

“हो.”

नाईक गॅलरीत जाऊन बोलून आले. “माझो एक गाववालो थयच्या वर्कशॉपात आसा. पिकअप घेवन निघालो हा. दोरखंड, फळी, सगळा घेतल्यान. काळजी करू नको गो.”

“थँक्यू, काका.” मेघनाने फोन पालथा घातला. पुन्हा उलथा केला. “शोधायला माणूस गेला, ते बरं झालं. पण आज आलं नाही, तर मी बस विकणार. मी बोलले ते बोलले.”

समोरच्या काळ्या डोंगरावरचे ऊन वर सरकत होते.

तिकडे सबख्यावर, वहिनी चाकाखाली सतरंजी सारत असताना, एक कोळी आपली पिकअप घेऊन जाळ्यांकडून परतत होता. नाव सलीम. तो पक्क्या खुणांवर थांबला, चालत आला, चाके पाहिली, मग समुद्र पाहिला.

“मगरिब बाद इधर सब बहर,” तो म्हणाला. काळोख पडायच्या आत इथे समुद्र येणार होता.

वहिनींनी विचारले, “फोन किधर चलेगा?”

त्याने मागच्या टेकाडाकडे हात केला. पिकअपने जाऊन यायचे तर सूर्य बुडणार. बस ओढायची तरी सूर्य बुडणार. “पहले गाडी, या पहले फोन?”

अण्णा मटकन फूटबोर्डवर बसले. “फोनला गेलो तर बस समुद्र नेणार. बसला लागलो तर मेघना नेणार. दोन्हीकडून गेलीच.”

वहिनींनी एकदा पाण्याच्या कडेकडे पाहिले. “मग वाचवून विकू,” त्या म्हणाल्या. “समुद्राला कशाला द्यायची?”

चाकांतली हवा सोडली. सतरंज्या गेल्या, गादी गेली, अण्णांनी जिवापाड जपलेला बुद्धिबळाचा लाकडी पट गेला. सलीमने दोर बांधला. अण्णांनी स्टिअरिंगकडे जायला पाऊल उचलले, तर तिथे वहिनी बसलेल्या होत्या. त्यांना गाडी चालवता येते हे अर्ध्या मस्कतला ठाऊक नव्हते. पाणी मागच्या चाकांच्या खड्ड्यात झिरपू लागले होते. सलीम वहिनींना ओरडला, “यल्ला, मामा, यल्ला!” इथे मामा म्हणजे आई. दोर ताठ झाला, पापुद्रा कडाडला, बस डुलली, थांबली, पुन्हा डुलली, आणि गादी चिखलात सोडून वर आली!

टेकाडावर पोचेपर्यंत वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवला नाही. वर जाऊन त्यांनी फोन हातात घेतला. त्या जागेला काय म्हणतात हे विचारायचे राहून गेले होते, आणि सलीम तर खालीच दोर गुंडाळत होता.

आमच्या टेबलावर फोन थरथरला. मेघनाने वाचले, आणि मग मोठ्याने वाचले:

“मुक्काम: कोरडी जमीन.”

नाईकांनी टाळी मारली ती माझ्या पाठीवर बसली. सुलभा देवापुढे साखर ठेवायला आत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात ‘बिऱ्हाड’ आमच्या इमारतीखाली येऊन उभे राहिले, काचांपर्यंत मिठाने पांढरे. मेघना आलेलीच होती. वहिनी वर आल्या, चपला काढल्या, आणि कोणी ‘या’ म्हणायच्या आत बसची किल्ली टेबलावर ठेवली.

“हे काय?” मेघनाने विचारले.

“अट. सूर्य बुडला होता तेव्हा. मी पाहिला बुडताना.”

“तुझ्याकडे बुडला असेल. इथली अजान ठरली होती ना?” मेघनाने किल्ली आईकडे सरकवली. “मेसेज आधी आला. हवं तर नाईककाकांना विचार.”

“आधी इलो!” नाईक म्हणाले. “मेसेज इलो आणि मगे अजान. देवाशपथ!”

वहिनींनी दोघांकडे पाहिले. मग किल्ली उचलून पदराला बांधली आणि विचारले, “नवी गादी कुठे चांगली मिळेल?”

हा किस्सा नाईक आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगतात. सांगताना एक हात फोनसारखा धरतात आणि दुसरा कानामागे नेतात: इकडे निरोप आला, आणि त्याच श्वासाला तिकडे अजान सुरू झाली! आता अवघे मस्कत तो असाच सांगते. बाकीचे सगळे खरे आहे. सबखा, सलीम, बुद्धिबळाचा पट, अक्षर न् अक्षर. फक्त हा क्रम चुकीचा आहे.

अजान आधी झाली. निरोप त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. मशिदीच्या भोंग्यावर पहिला सूर लागला तेव्हा मेघना उठली. तिने खिडकीची काच सरकवून बंद केली, खटका लावला, आणि आमच्याकडे न वळता म्हणाली, “नाईककाका, पंखा लावा ना जरा. मोठा लावा.”

डिसेंबर होता. सुलभेने शाल अंगाभोवती ओढून घेतली. नाईकांनी पंखा पाचावर केला.